अस्थानिकतेवर चर्चा कशी करावी: भौतिकशास्त्रातील नव्या संशोधकांसाठी

चर्चेला बसण्यापूर्वी आपण कोणत्या अस्थानिकतेविषयी (एका ठिकाणी जे घडते ते केवळ तेथल्या परिस्थितीवरून ठरत नाही, या कल्पनेविषयी) बोलणार आहोत, हे प्रत्येकाने एका वाक्यात लिहून आणावे. क्वांटम माहितीच्या अभ्यासकाच्या मनात बेलच्या असमानतेचे, म्हणजे दूरदूरच्या मोजमापांतील सहसंबंधांवर स्थानिकतेने घातलेल्या मर्यादेचे, उल्लंघन असते, क्षेत्र सिद्धांतावर काम करणाऱ्याला लॅग्रांजियनमधील (सिद्धांताची समीकरणे ज्या सूत्रातून निघतात त्यातील) अस्थानिक पदे आठवतात, तर गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासकाला काटेकोरपणे स्थानिक अशा निरीक्षणीय राशीच सापडत नाहीत, ही अडचण छळत असते. हे प्रश्न एकमेकांत मिसळले की तासभर वाद होऊनही कोणीच कोणाला उत्तर देत नाही.

सुरुवात बेलच्या १९६४ च्या प्रमेयापासून करावी, आणि निष्कर्षाआधी त्याची गृहीतके फळ्यावर लिहावीत. कणांची पूर्वस्थिती पूर्णपणे दिलेली असताना एका ठिकाणच्या निकालाची संभाव्यता दूरच्या उपकरणाच्या मांडणीवर किंवा निकालावर अवलंबून नसते, हे एक. मांडणीची निवड त्या पूर्वस्थितीशी निगडित नसते, हे दुसरे. आणि प्रत्येक मोजमापाला एकच निकाल असतो, हे सहसा न बोलले जाणारे तिसरे.

यानंतर सीएचएसएच (CHSH) असमानता, म्हणजे बेलच्या असमानतेचे प्रयोगात तपासता येणारे रूप, प्रत्येकाने स्वतः सिद्ध करावी. ती अर्ध्या पानात मावते. दोन ठिकाणी प्रत्येकी दोन मांडण्या घेऊन मिळणाऱ्या चार सहसंबंधांपैकी तिघांची बेरीज करून चौथा वजा केला की तिची राशी मिळते; या गृहीतकांखाली त्या राशीचे मूल्य २ च्या वर जात नाही, क्वांटम यामिकीत ते २√२ म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत पोहोचते, आणि प्रकाशापेक्षा जलद संदेश जाऊ नये एवढीच अट ठेवली तर गणित ४ पर्यंत मुभा देते. क्वांटम यामिकी २.८३ लाच का थांबते, या प्रश्नाला माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा, कारण संदेशबंदी आणि बेलला अभिप्रेत असलेली स्थानिकता या दोन निराळ्या अटी आहेत, हे त्यातूनच अंगवळणी पडते.

२०१५ मध्ये डेल्फ्ट येथे १.३ किलोमीटर अंतरावरील इलेक्ट्रॉन स्पिनांवर झालेल्या प्रयोगात प्रमुख पळवाटा (उल्लंघनाचे दुसरे स्पष्टीकरण शक्य ठेवणाऱ्या प्रयोगातील त्रुटी) एकाच वेळी बंद करूनही असमानता मोडलेली आढळली. त्यामुळे आता मतभेद असावा तो कोणते गृहीतक सोडायचे यावर. बोमचा सिद्धांत (कणांना निश्चित स्थाने असतात आणि तरंग त्यांना दिशा देतो, असे मानणारा) पहिले सोडतो, अतिनियततावाद दुसरे, बहुविश्ववाद तिसरे; बोलणाऱ्याने आपली निवड स्पष्ट सांगावी.

‘क्षेत्र सिद्धांत स्थानिक आहे, मग बेलचा प्रश्नच उरत नाही’ हा युक्तिवाद कोणी मांडल्यास तेथे थांबावे. प्रकाशालाही जोडता न येणाऱ्या दोन प्रदेशांतील राशी कम्यूट करतात (त्या कोणत्या क्रमाने मोजल्या याने फरक पडत नाही), याचा अर्थ त्यांच्यातून संदेश जात नाही एवढाच. त्याच सिद्धांतातील निर्वात अवस्थाही (सर्वांत कमी ऊर्जेची, कणविरहित अवस्था) बेलची असमानता मोडते.

गुरुत्वाकर्षणासाठी स्वतंत्र बैठक ठेवावी. तेथे निर्देशांक (स्थळ-काळातील बिंदूंना दिलेले आकडे) बदलले तरी टिकणारा ‘बिंदू’ मुळात कशाच्या आधाराने ठरवायचा, हाच पहिला प्रश्न असतो.