क्रिस्टलच्या ब्रेसलेटचा दोरा सारखा तुटत होता, तो असा थांबला

४ मिमी बायकोन (दोन्ही टोकांना निमुळत्या) क्रिस्टलचं ब्रेसलेट. महिनाभरात दोरा तुटायचा, पण गाठीवर कधीच नाही. नेहमी क्रिस्टलच्या तोंडाशी. दोरा दुहेरी केला, मेण लावलं, गाठीवर नेलपॉलिश लावलं. मणी वेचून वेचून जीव मेटाकुटीला आला.

दोष छिद्राच्या धारदार कडेचा होता. साधा नायलॉन तिथे घासून कापला जातो.

आधी प्रत्येक क्रिस्टलमधून जुना दोरा मागेपुढे ओढून पाहिला. तंतू निघाले की तो क्रिस्टल बाद. मग मासेमारीची ०.१५ मिमीची विणलेली दोरी घेतली (फायरलाइन ब्रँडची चालते), ब्रेसलेटच्या तिप्पट लांब, आणि १२ नंबरची सुई. ओवताना दर दोन क्रिस्टलांमध्ये ११/० मापाचा एक बारीक काचमणी, दोन्ही टोकांना हुकाआधी तीन. हुकाच्या कडीतून वळून सगळ्या मण्यांतून परत आले. गाठ मारण्यापूर्वी माळ मनगटाइतकी गोल वाकवली, कारण सरळ ताणून बांधली तर वाकताच दोरी कडांवर ताणली जाते. गाठ टोकाच्या काचमण्यांमध्येच. पुढच्या मण्यातून जाऊन दुसरी, मग उरलेली दोरी कापली. ही दोरी बोथट कात्रीला दाद देत नाही, धारदार घ्या.

रोज घालते, अजून शाबूत आहे.