या चुका टाळा : सॉफ्टवेअर मिनीमूगवर आवाज घडवताना

1970 साली आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरची (विजेवर आवाज घडवणाऱ्या वाद्याची) सॉफ्टवेअर प्रतिकृती उघडली, की ऑसिलेटर (मूळ लहर निर्माण करणारा भाग), मिक्सर (लहरी एकत्र करणारा), फिल्टर (आवाजाचा काही भाग कापणारा) आणि शेवटी व्हॉल्यूम हा आवाजाचा सगळा प्रवास पॅनेलवर डावीकडून उजवीकडे मांडलेला दिसतो. असे असूनही बहुतेक नवशिके थेट एखादा तयार प्रीसेट उघडतात, चार नॉब फिरवून पाहतात आणि आवाज बिघडला की दुसऱ्या प्रीसेटकडे वळतात. दुसऱ्याने घडवलेल्या आवाजात कोणता नॉब कशासाठी कुठे ठेवला आहे, हे या मार्गाने कधीच कळत नाही. मी स्वतः नेहमी कोऱ्या पॅचपासून (नॉबच्या मांडणीपासून) सुरुवात करतो : एकच ऑसिलेटर, करवती लहर, फिल्टर पूर्ण उघडा आणि मॉड्युलेशन (आवाजात आपोआप होणारे बदल) बंद. हे कंटाळवाणे वाटते म्हणून टाळणाऱ्यांचा वेळ पुढे दुपटीने जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक फिल्टरच्या एन्व्हलपची, म्हणजे कळ दाबल्यावर फिल्टर कसा उघडतो-मिटतो ते ठरवणाऱ्या भागाची आहे. हा एन्व्हलप चालतच नाही, अशी तक्रार एका शिकणाऱ्याने माझ्याकडे केली होती. त्याने प्लगइन (ही सॉफ्टवेअर प्रतिकृती) काढून पुन्हा बसवले होते, ऑडिओची सेटिंग बदलून पाहिली होती आणि सॉफ्टवेअरच सदोष आहे अशी त्याची खात्री झाली होती. पॅच उघडून पाहिला, तर कटऑफ (फिल्टर किती उघडा ते ठरवणारा नॉब) +5 या शेवटच्या टोकावर आणि सस्टेन (कळ दाबलेली असताना एन्व्हलप जिथे टिकतो ती पातळी) 10 वर. एन्व्हलपचे काम कटऑफला तात्पुरते वर नेण्याचे. तो आधीच पूर्ण उघडा असेल, तर आणखी वर गेल्याचे कानाला कळणार कसे? शिवाय सस्टेन सर्वोच्च पातळीवर असल्यामुळे डिके (त्या पातळीपर्यंत उतरण्याचा वेळ) कितीही बदलला, तरी एन्व्हलपला खाली उतरायला वावच नव्हता. आवाज जेमतेम ऐकू येईल इतका कटऑफ खाली आणून, सस्टेन शून्यावर ठेवून आणि एन्व्हलपची मात्रा निम्म्यापर्यंत वाढवून त्याने एक खालचा स्वर वाजवला, तेव्हा प्रत्येक वेळी उघडून मिटणारा तो भरदार आवाज लगेच आला. बिघाडाची शंका येताच प्लगइन पुन्हा बसवण्याऐवजी आधी कटऑफ, मग मात्रा, मग सस्टेन असा क्रम मी तपासतो.

दुसरी चूक वाजवण्यातली आहे. मूळ मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवतो, दोन कळा दाबल्या तर खालच्या स्वराला प्राधान्य देतो आणि सगळ्या कळा सुटेपर्यंत एन्व्हलप नव्याने सुरू करत नाही. प्रतिकृतीत हीच पद्धत निवडलेली असेल आणि ट्रॅकमधील स्वर एकमेकांवर किंचित जरी चढलेले असतील, तर पुढच्या स्वराचा आघात नाहीसा होतो, आणि खालचा स्वर सुटलेला नसताना आलेला वरचा स्वर ऐकूच येत नाही. अशा वेळी लोक अटॅकचा (आवाज चढण्याच्या वेळेचा) नॉब फिरवत बसतात. त्याऐवजी स्वरांचे शेवट थोडे आखूड करावेत. जिथे सलग, घसरती चाल हवी असेल, तेवढेच स्वर एकमेकांवर राहू द्यावेत.

मॉड्युलेशन ऐकू येत नसेल, तर आधी मॉड व्हील (मॉड्युलेशनची मात्रा ठरवणारे चाक) वर आहे का ते पाहावे. तिसऱ्या ऑसिलेटरचा स्वर कळांप्रमाणे बदलत नसेल, तर त्याचे कीबोर्डशी असलेले नाते तोडणारा स्विच कोणीतरी फिरवून ठेवलेला असतो. कळ सोडताच आवाज कापल्यासारखा थांबत असेल, तर डिकेचा स्विच बंद आहे. या यंत्रात रिलीजचा (कळ सोडल्यावर आवाज विरण्याच्या वेळेचा) वेगळा नॉब नाही, तो स्विच चालू केल्यावर डिकेची वेळच रिलीजला लागू होते. वरच्या पट्टीतले स्वर मंद वाटत असतील, तर फिल्टरच्या कीबोर्ड कंट्रोलचे (वरच्या कळांवर कटऑफही वर नेणारे) दोन्ही स्विच चालू करावेत. रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठावदार करणारा नॉब) वाढवल्यावर खर्ज हरवतो, तो या फिल्टरचा स्वभावच आहे. तिथे इक्वलायझर लावण्याआधी रेझोनन्स कमी करून ऐकावे.

मिक्सरचे तिन्ही ऑसिलेटर सरसकट 10 वर ठेवण्याची सवयही सोडावी. मिक्सरची पातळी वाढली की फिल्टरवर ताण येतो आणि आवाज जाडसर होऊ लागतो. हा परिणाम सुंदर आहे, पण तो हवा तेव्हाच घ्यावा. मी मिक्सर निम्म्याच्या आसपास ठेवून व्हॉल्यूम शेवटी वाढवतो आणि जाडपणा हवा असेल, तर एकाच ऑसिलेटरची पातळी हळूहळू चढवतो.