कोड एडिटर निवडायचाय? आधी त्यात मराठी लिहून बघा

नागपुरात दुकानांच्या, शिकवणीवर्गांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट करण्यात माझी बरीच वर्षं गेली. संध्याकाळी चार-पाच मुलं माझ्याकडे शिकायला येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, एडिटर कोणता टाकू?" एडिटर म्हणजे वेबसाइटचा कोड लिहायचा प्रोग्राम. तोवर त्यांनी दहा व्हिडिओ पाहिलेले असतात. त्यात काळ्या-निळ्या थीम असतात, पन्नास एक्स्टेन्शनची (एडिटरला जोडायच्या छोट्या पुरवण्यांची) यादी असते. पण त्या एडिटरमध्ये 'तर्री पोहे' लिहिलं, फाइल बंद केली आणि पुन्हा उघडली, असं कोणी करून दाखवत नाही. आपल्या साइटवर मराठी मजकूर असणार आहे. त्यामुळे माझ्याकडे निवड थीमपासून नाही, मराठीपासून सुरू होते.

यादी लहान करा

ॲटम नको. गिटहबने तो 15 डिसेंबर 2022 रोजी बंद केला. ब्रॅकेट्स नको, ॲडोबीने 1 सप्टेंबर 2021 पासून त्याचा आधार काढून घेतला. या दोघांची शिफारस करणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात आणि मुलं अजून फसतात, म्हणून हे आधी सांगितलं. विम हा फक्त कीबोर्डवर चालणारा जुना एडिटर उत्तम आहे, पण सर्व्हरवर हात घालायची वेळ येईल तेव्हा शिका. पहिल्या महिन्यात एचटीएमएल आणि विम एकदम डोक्यात भरू नका.

उरले चार: व्हीएस कोड, सब्लाइम टेक्स्ट, नोटपॅड प्लस प्लस आणि वेबस्टॉर्म. नवीन माणसाने या चारांच्या बाहेर शोधाशोध करू नये. कर्सर हा एडिटर व्हीएस कोडच्याच कोडवरून निघालेला आहे, त्यामुळे व्हीएस कोड हाताखाली आला की तिकडे जायला अर्धा तास पुरतो.

पैशांचं एक बघून घ्या. वेबस्टॉर्म ऑक्टोबर 2024 पासून बिगर-व्यावसायिक वापरासाठी मोफत आहे. शिकायला चालेल, पण दुकानदाराकडून साइटचे पैसे घेणार असाल तर परवाना विकत घ्यावा लागेल. सब्लाइम चाचणीसाठी कितीही दिवस वापरता येतो, मात्र कायम वापरायचा तर त्याचाही परवाना घ्यायचा असतो. व्हीएस कोड आणि नोटपॅड प्लस प्लस मोफत.

आपलं यंत्र दुपारी तपासा

बहुतेक मुलांकडे मोठ्या भावाचा किंवा मामाचा जुना लॅपटॉप असतो, 4 जीबी रॅमचा. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम ब्राउझर चालू असतो. शेजारी क्रोम उघडा, नोडचा (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा) सर्व्हर सुरू करा, की 4 जीबी संपलीच. वेबस्टॉर्मचं तर अशा यंत्रावर नावच काढू नका.

आणि ही तपासणी सकाळी करू नका. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. खोलीत कूलर नसेल तर दुपारी तीनला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी सुरळीत चाललेला एडिटर त्या वेळी अक्षर टाइप केल्यावर ते उमटायला वेळ घेतो. रोज लागणारं सगळं एकदम उघडा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना बघा. तो सतत नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल तर सब्लाइम घ्या किंवा नोटपॅड प्लस प्लस (हा फक्त विंडोजवर चालतो). यात कमीपणा काही नाही. 8 जीबी किंवा त्याहून जास्त असेल तर व्हीएस कोड घ्या आणि पुढच्या पायरीला लागा.

मराठीची परीक्षा

इथे घाई करू नका. मी केली होती.

सुरुवातीच्या काळात एका मिठाईच्या दुकानाची साइट मी करत होते. दोनशेच्या वर पदार्थ होते. मालकांनी मोबाइलवर पाठवलेली नावं चिकटवत, भाव लिहीत मी रात्री एक वाजेपर्यंत बसले. स्क्रीनवर सगळं सुरेख दिसत होतं. दर पाच मिनिटांनी सेव्ह करत होते. सकाळी फाइल उघडली तर संत्रा बर्फीच्या जागी प्रश्नचिन्हं, सोनपापडीच्या जागी प्रश्नचिन्हं, फक्त भाव तेवढे शाबूत. मला वाटलं फाँट गेला असेल. दोन तास मी फाँट बदलत बसले, आणि त्या प्रश्नचिन्हांवरच पुन्हा-पुन्हा सेव्ह करत राहिले.

झालं असं होतं. त्या एडिटरने नवी फाइल 'अन्सी' या जुन्या एन्कोडिंगमध्ये सुरू केली होती. एन्कोडिंग म्हणजे कोणतं अक्षर डिस्कवर कोणत्या आकड्यांनी लिहायचं याचा तक्ता. त्या तक्त्यात देवनागरी नाहीच. फाइल उघडी होती तोवर अक्षरं मेमरीत होती, म्हणून स्क्रीनवर बरोबर दिसत होती. डिस्कवर मात्र प्रत्येक सेव्हला प्रश्नचिन्हंच जात होती. म्हणून सेव्ह करणं ही परीक्षा नाही. सेव्ह करून, एडिटर पूर्ण बंद करून, पुन्हा उघडणं ही परीक्षा.

आता मी मुलांना एक फाइल हाताने टाइप करायला लावते. कुठून कॉपी करायची नाही. तिच्यात पाच ओळी असतात: तर्री पोहे, संत्र्याची बर्फी, सांबारवडी, पुऱ्या, ॲडव्हान्स ऑर्डर. हे शब्द मुद्दाम निवडलेत. 'तर्री'त रफार आहे, 'पुऱ्या'त अर्धा ऱ आहे, 'संत्र्या'त तीन व्यंजनं एकात गुंतली आहेत, शेवटच्या ओळीत ॲ आणि ऑ. ही फाइल सेव्ह करा, एडिटर बंद करा, उघडा, ब्राउझरमध्येही बघा. मग बाणाच्या कळीने अक्षरा-अक्षरावरून कर्सर फिरवा. कर्सर दिसतो एका जागी आणि टाइप दुसरीकडे होतं, असं झालं तर त्या एडिटरमध्ये रोज मराठी लिहिताना तुम्ही वैतागाल. तुमच्या यंत्रावर, तुमच्या फाँटवर काय होतं तेच खरं. कोणाच्या व्हिडिओवर जाऊ नका.

काहीतरी बिघडलेलं दिसलं तर हात कीबोर्डवरून काढा आणि आधी नीट बघा की काय दिसतंय. बिघाड दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा.

साधी प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर त्या फाइलमधून गेला. कुठलंही एन्कोडिंग निवडून तो परत येत नाही. जुनी प्रत शोधा. व्हीएस कोडमध्ये 2022 पासून सेव्ह केलेल्या फाइलींचा स्थानिक इतिहास राहतो, डाव्या बाजूला 'टाइमलाइन'मध्ये. तिथे आधीची चांगली प्रत सापडू शकते.

दुसरा प्रकार म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापाठोपाठ एखादं चलनाचं नाहीतर येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि हेच पुन्हा-पुन्हा ओळभर. हे दिसलं तर घाबरू नका, मजकूर जिवंत आहे. यूटीएफ-8 या सगळ्या लिपी सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नागपूर' या शब्दात काना आणि ऊकार धरून सहा चिन्हं, म्हणजे 18 बाइट. त्या तिनांतली पहिली बाइट कायम तीच असते, दुसरी दोनांपैकी एक. एडिटर ते तीन-तीनचे गट न ओळखता एकेक बाइट स्वतंत्र अक्षर म्हणून दाखवतो, म्हणून तीच चिन्हं सारखी दिसतात. म्हणजे फाइल ठीक आहे, वाचणारा चुकतोय.

व्हीएस कोडमध्ये उजवीकडे खाली एन्कोडिंगचं नाव असतं. त्यावर क्लिक केलं की दोन पर्याय येतात: 'रीओपन विथ एन्कोडिंग' आणि 'सेव्ह विथ एन्कोडिंग'. रीओपन निवडा, आणि मग यूटीएफ-8. मी शिकवलेल्या निम्म्या मुलांनी एकदा तरी सेव्ह निवडलं आहे. सेव्ह निवडलं की ती चुकीची दिसणारी चिन्हंच खरा मजकूर म्हणून यूटीएफ-8 मध्ये लिहिली जातात आणि जिवंत मजकुरावर दुसरा थर चढतो. तो उतरवणं शक्य असतं, पण फार किचकट. मागच्या उन्हाळ्यात एका मुलाचा रात्री फोन आला, "ताई, मराठी सगळं काहीच्या काही होऊन राहिलं, मी चार वेळा सेव्ह विथ केलं." चार थर. शेवटी आम्ही मजकूर पुन्हा टाइप केला.

एन्कोडिंगची दुरुस्ती चालू असताना ऑटोसेव्ह (फाइल आपोआप सेव्ह होण्याची सोय) बंद ठेवा. एरवी चालू असलेला बरा, विशेषतः यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर. वादळी पावसात वीज जाते ती सांगून जात नाही. पण चुकीच्या एन्कोडिंगमध्ये उघडलेल्या फाइलवर एक अक्षर टाइप झालं की ऑटोसेव्ह ती बिघडलेली फाइल तुम्हाला न विचारता डिस्कवर लिहून मोकळा होतो.

नोटपॅड प्लस प्लस घेणाऱ्यांनी एन्कोडिंगच्या मेनूत साधं यूटीएफ-8 निवडायचं, 'बॉम'वालं नाही. बॉम म्हणजे फाइलच्या तोंडाशी बसणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तीन बाइट. एचटीएमएलमध्ये त्या सहसा खपून जातात. पीएचपीच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या) फाइलमध्ये त्या कोडच्या आधीच ब्राउझरकडे निघतात आणि 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही सूचना येते. मग माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो आणि कोडमध्ये चूक नसतेच.

छापखान्यातून किंवा डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर हा तिसराच प्रकार. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसला तर तो बहुधा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. तिथे अक्षरं मुळात रोमनच असतात, फक्त फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. एडिटर बदलून, एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. युनिकोड (सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरवून दिलेले क्रमांक) कन्व्हर्टरमधून काढा आणि ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं स्वतः वाचून तपासा.

आता शोधण्याची परीक्षा. ती कोणीच घेत नाही. 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये 2008 साली आलं, आणि दुसरा 'अ'वर चंद्र देऊन. 'पुऱ्या'तला अर्धा ऱही असाच, एक ऱ-ला हलन्त देऊन, दुसरा साध्या र-ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे. शोधायच्या खिडकीत मात्र एक लिहिला की दुसरा सापडत नाही. दुकानदाराने मोबाइलवरून पाठवलेला शब्द आणि तुम्ही इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने टाइप केलेला शब्द वेगळे निघू शकतात. मग 'पुऱ्या'चा भाव चार ठिकाणी बदलतो आणि पाचव्या ठिकाणी जुनाच राहतो. एकच लेखन ठरवा आणि आलेला मजकूर आधी त्या लेखनात आणून घ्या. व्हीएस कोडमध्ये अदृश्य अक्षरांभोवती चौकट दाखवायची सोय आहे, ती बंद करू नका.

टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) मात्रा सुट्या, अक्षरं तुटकी दिसली तर फाइलला हात लावू नका. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं आणि आपली जोडाक्षरं त्यात मावत नाहीत. तीच फाइल एडिटरमध्ये बरोबर दिसत असेल तर ती बरोबरच आहे.

फाँट आणि ओळीची उंची

कोडसाठीच्या बहुतेक फाँटमध्ये देवनागरी नसते. व्हीएस कोडच्या फाँट फॅमिलीत आधी कोडचा फाँट, मग स्वल्पविराम देऊन 'नोटो सान्स देवनागरी' किंवा विंडोजवरचा 'निर्मला यूआय' लिहा. ओळीची उंची 1.6 ठेवा. कमी ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात, आणि 'कि' की 'की' हे डोळे बारीक करून बघावं लागतं.

बाकीचं

एक्स्टेन्शन तीन: प्रिटिअर (कोडची मांडणी नीट करतो), ईएसलिंट (जावास्क्रिप्टमधल्या चुका दाखवतो), लाइव्ह सर्व्हर (सेव्ह केलं की ब्राउझरमधलं पान ताजं करतो). एमेट (थोडक्यात लिहिलेल्या खुणांतून पूर्ण टॅग तयार करणारी सोय) व्हीएस कोडमध्ये आधीपासून आहे.

कोड सुचवणारे एआय मदतनीस पहिले तीन महिने बंद ठेवा. स्वतः टॅग बंद करायला विसरल्याशिवाय आणि तो शोधल्याशिवाय हात बसत नाही, हे मी इतक्या मुलांत पाहिलंय की यावर मी ऐकून घेत नाही.

एकदा निवडलेला एडिटर सहा महिने बदलू नका. त्या काळात पाच-सहा शॉर्टकट बोटांत बसवा: फाइल शोधणं, सगळ्या फाइलींत शोधणं, एकदम अनेक ठिकाणी कर्सर, ओळ वर-खाली सरकवणं.

शेवटची पायरी प्रत्येक प्रकल्पात करायची. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये एडिटरकॉन्फिगची (सगळ्या एडिटरांना सारखे नियम सांगणारी) फाइल ठेवा आणि तिच्यात चारसेट (म्हणजे एन्कोडिंग) यूटीएफ-8, ओळीचा शेवट एलएफ (ओळ संपल्याची न दिसणारी खूण), एवढं लिहा. वेबस्टॉर्म ती स्वतःहून वाचतो; व्हीएस कोडला तिच्यासाठी एक छोटं एक्स्टेन्शन लागतं, तेवढं चौथं टाका. एचटीएमएलमध्येही मेटा चारसेटची ओळ हेडच्या अगदी सुरुवातीला द्या, कारण ती पानाच्या पहिल्या 1024 बाइटच्या आत असावी लागते. एवढं झालं की तुमचा सोबती दुसरा एडिटर घेऊन बसला तरी तुमच्या पुऱ्या पुऱ्याच राहतील. पाच ओळींची ती परीक्षेची फाइल मात्र पुसू नका. एडिटरचं मोठं अपडेट आलं की पहिल्यांदा तीच उघडा.