वेल्श केक: ओव्हनशिवाय, तव्यावर

ब्रिटनमध्ये तव्यावर भाजायचे पदार्थ प्रांतागणिक बदलतात. स्टॅफर्डशरचा ओटकेक घावनासारखा पातळ, स्कॉटलंडचा टॅटी स्कोन उकडलेल्या बटाट्याचा, तर नॉर्थम्बरलंडचा सिंगिंग हिनी भाजताना चरचरतो म्हणून 'गाणारा'. पण सुरुवात वेल्श केकपासूनच करा. वेल्श भाषेत त्याला 'पिकाइ आर अ माइन' म्हणतात, म्हणजे दगडावरचे केक. दगड जाऊन जाड लोखंडी तवा आला, नाव तेच राहिलं. १ मार्चला, वेल्सचे संरक्षक संत असलेल्या सेंट डेव्हिडच्या दिवशी, हे केक आवर्जून होतात.

२२५ ग्रॅम मैदा, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा जायफळ-दालचिनीची पूड एकत्र चाळून घ्या. त्यात ११० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा. (जुन्या पद्धतीत निम्मी डुकराची चरबी असे.) शंकरपाळ्यांचं मोहन चोळतो तसंच, पण तळवा लावायचा नाही, लोणी वितळतं. पीठ रव्यासारखं मोकळं झालं की ७५ ग्रॅम साखर आणि तेवढेच बिनबियांचे काळे मनुके घाला. मनुके मोठे असतील तर चिरून घ्या, नाहीतर लाटताना पोळी तिथेच फाटते.

एक अंडं फेटून घाला आणि गोळा करा. कोरडं वाटलं तरच चमचाभर दूध. मळत बसू नका, केक चिवट होतात. अर्धा ते पाऊण सेंटिमीटर जाड लाटून छोट्या वाटीने गोल कापा.

आता खरं काम आचेचं. बिडाचा तवा मंद आचेवर पाचेक मिनिटं तापू द्या, लोण्याचा हात फिरवा आणि आधी एकच केक टाकून बघा. तीन मिनिटांत खालची बाजू बदामी झाली तर आच बरोबर. मिनिटभरातच काळपट डाग दिसले तर आतलं पीठ कच्चंच राहणार. गॅस कमी करा आणि तवा थोडा निवू द्या. पोळीच्या आचेवर हे केक होत नाहीत. एकदाच उलटा, दाबू नका. दोन्ही बाजू बदामी आणि मधली कड फिकट, बोट लावलं तर किंचित मऊ: झाला केक.

गरम असतानाच साखरेत घोळवा. कातरणं गोळा करून शेवटचा केक थापा. आकार बिघडतो, चव नाही.