जुन्या गाडीची पुढची काच बदलताना या चुका टाळा

रत्नागिरीत असताना आमच्या मारुती ८०० ची पुढची काच तडकली. नवी बसवून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच तीही खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडकत वर चढली. दगड लागला नव्हता की गाडी कुठे आपटली नव्हती. काच पुन्हा उतरवली तेव्हा रबराखाली पत्र्याच्या कडेला गंजाचा हरभऱ्याएवढा फुगवटा दिसला आणि नव्या काचेचा कोपरा नेमका त्यावर टेकत होता. पहिल्या वेळी गॅरेजने चौकट न तपासता जुनेच रबर परत घातले होते आणि आम्हीही काही विचारले नव्हते. जुन्या गाडीच्या बाबतीत बहुतेक चुका अशाच होतात. काचेचा भाव आपण चार ठिकाणी विचारतो, पण ती ज्या पत्र्यात बसायची असते, त्या पत्र्याकडे कोणी पाहत नाही.

म्हणून काच उतरवल्यावर लगेच नवी बसवण्याची घाई करू देऊ नये. चौकटीच्या कडेवरून चारही बाजूंनी बोट फिरवून पाहावे. खरखर लागली किंवा रंग फुगलेला दिसला, तर तो भाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून, प्राइमर व रंग देऊन पूर्ण वाळू द्यावा लागतो. त्यासाठी गाडी एखादा दिवस जास्त ठेवावी लागेल, हे गॅरेजवाल्याशी आधीच बोलून ठेवावे. गंजावर नुसती पुट्टी भरून वरून रंग मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण आत गंज वाढतच राहतो. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तर तो पुढच्या पावसाळ्यापर्यंतही थांबत नाही.

दुसरी चूक म्हणजे आपल्या गाडीची काच कोणत्या पद्धतीने बसते हे माहीत नसणे. अँबेसिडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० यांसारख्या गाड्यांत काच रबराच्या पट्टीत धरलेली असते, तर नंतरच्या बहुतेक गाड्यांत ती पीयू नावाच्या चिकट पदार्थाने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. रबराच्या गाडीत काचेबरोबर रबरही नवे घ्यावे. वर्षानुवर्षे उन्हात तापलेले रबर आखडलेले असते आणि कोपऱ्यांत पाण्याला वाट देते. बसवताना रबर आधी काचेवर चढवतात, त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवतात आणि काच बाहेरून चौकटीला टेकवतात. मग एक जण आतून दोरी हळूहळू ओढतो, तशी रबराची कड पत्र्यावरून उलटून आत येते, आणि दुसरा बाहेरून त्याच जागी तळहाताने दाब देत जातो. या कामी साबणाचे पाणी वापरावे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावल्यास रबर फुगते आणि लवकर खराब होते. काच जागेवर येत नाही म्हणून कोणी बुक्क्या मारू लागला, तर त्याला थांबवावे. कडेला तेव्हा पडलेला बारीक टवका आठवड्याभराने तडा होऊन दिसतो.

चिकटवलेल्या काचेच्या बाबतीत पीयूऐवजी साधे सिलिकॉन लावून घेऊ नये. सिलिकॉन पाणी अडवेल, पण अपघातात काच धरून ठेवण्याची ताकद त्यात नसते, आणि ज्या गाडीत शेजारच्या सीटची एअरबॅग आहे, तिथे ती एअरबॅग बहुधा याच काचेचा आधार घेऊन फुगते. काचेच्या कडेला प्राइमर लावल्यावर तिथे हात लावू नये, आणि पीयूच्या डब्यावर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. पहिला दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, कारण सगळ्या काचा बंद असताना दार आपटले तर आतल्या हवेच्या दाबाने ओली चिकट रेषा सरकते.

काच घेताना ती लॅमिनेटेड (म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली) आहे ना आणि तिच्यावर आयएसआय चिन्ह आहे ना, हे पाहावे. भंगारातून काढलेली काच स्वस्त मिळते, पण काढताना तिच्या कडेला काय झाले आहे हे दिसत नाही. रंगीत काचेचा आग्रह धरणाऱ्यांनी पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हा नियम लक्षात ठेवावा. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल, तर काच उतरवण्यापूर्वीच कंपनीला कळवावे. विम्यात काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची वजावट, कापत नाहीत, मात्र दाव्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाऊ शकतो, तेव्हा दोन्ही रकमांचा हिशेब आधी मांडावा. फास्टॅग जुन्या काचेवरून काढताना फाटतो आणि निकामी होतो, म्हणून नवा टॅग बँकेकडून वेळेत मागवावा. नव्या नंबर प्लेटबरोबर मिळालेले काचेवरचे स्टिकरही असेच जाते.

काच बसवल्यानंतरच्या तक्रारी

पाणी आत येत असेल, तर लगेच सिलिकॉन फासू नये. त्याने पाणी आतच कोंडते आणि खरी जागा सापडत नाही. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने पाइपचे मंद पाणी काचेच्या खालच्या कडेपासून सुरू करून, प्रत्येक जागी दोनतीन मिनिटे थांबत वर न्यावे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच उमगत नाही. शेजारच्या सीटसमोर पाय ठेवतो तिथेच ओल असेल, तर आधी बॉनेटच्या मागच्या जाळीखालची पन्हळ पाहावी. पानांनी ती तुंबली असेल, तर काचेचा दोषच नसतो. वेगात शिटी ऐकू येत असेल, तर बहुधा वरची पट्टी नीट बसलेली नसते. तडा पुन्हा त्याच कोपऱ्यातून निघाला, तर तिसरी काच आणण्याआधी त्या कोपऱ्यातला पत्रा घासून पाहावा, आणि गाडीला पूर्वी समोरून धडक बसली असेल, तर चौकटीचे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही तिरके माप टेपने घेऊन ते सारखे भरते का, हेही तपासावे.

वायपरचे जुने ब्लेड मात्र काच बसली त्याच दिवशी बदलावेत. त्यांच्या कडक झालेल्या रबरात अडकलेली वाळू पहिल्याच पावसात नव्या काचेवर कमानीसारखे ओरखडे उमटवते आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात तेच आधी डोळ्यांत येतात.