लिव्हर मशीनवर घरी एस्प्रेसो: पहिल्या महिन्यात काय करायचं

लिव्हरचं, म्हणजे हाताने दांडा दाबायचं, एस्प्रेसो मशीन घरी आलं की पहिले आठ-दहा कप बिघडतातच आणि मग वाटायला लागतं की मशीनच खराब आलंय. बहुतेक वेळा तसं नसतं. बटणवाल्या मशीनमध्ये पंप जे काम करतो ते इथे आपला हात करतो, आणि हाताला ते शिकायला थोडे दिवस द्यावे लागतात एवढंच. मी पुण्यात राहते, गेली तीन वर्षं माझ्या ओट्यावर फ्लेअर प्रो २ आहे, रोज सकाळी त्यावर दोन कप निघतात, त्यामुळे खालचं सगळं त्याच सवयीतून लिहितेय, पण कॅफेलॅट रोबो किंवा रॉक घेतलं असेल तरी बरचसं हेच लागू पडेल.

आधी थोडं मागचं सांगते कारण त्यातून मशीन चटकन कळतं. पूर्वीची इटलीतली एस्प्रेसो मशीनं बॉयलरमधल्या वाफेच्या जोरावर चालायची, त्या वाफेचं प्रेशर जेमतेम दीड बार (बार म्हणजे दाब मोजायचं एकक), म्हणून कॉफी कडवट, जळकी यायची. मिलानमधल्या अकिले गाज्जियाने 1938 मध्ये वेगळ्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि 1947-48 च्या सुमारास लिव्हरवाली मशीनं बाजारात आणली, दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि ती सुटताना पाणी आठ-नऊ बारने कॉफीतून ढकलते. कपावर जो सोनेरी-तपकिरी फेस येतो, ज्याला क्रेमा म्हणतात, तो तेव्हापासूनचा. म्हणजे लिव्हर हा काही नवा शौक नाहीये, आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो ती लिव्हरवरच जन्माला आली, पंप नंतर आला.

घरच्या मशीनमध्ये ढोबळ दोन जाती. एक बॉयलरवाली, उदाहरणार्थ ला पावोनीची युरोपिकोला, 1961 पासून बनतेय, वीज लागते, वाफेने दूधही फेसाळतं. दुसरी बिनबॉयलरची, म्हणजे फ्लेअर, रोबो वगैरे, किटलीत पाणी उकळायचं, ओतायचं आणि दाबायचं. पहिलंच मशीन घेताय तर माझं स्पष्ट मत आहे की बिनबॉयलरचं घ्या. बिघडण्यासारखं काही नाही, आपल्या खारट बोअरच्या पाण्याने आत क्षार जमून बसत नाहीत, आणि दाबताना नेमकं काय होतंय ते हाताला थेट कळतं.

पण मशीनपेक्षा महत्त्वाचा आहे ग्राइंडर, आणि इथे काटकसर करू नका असं अगदी हात जोडून सांगते. मिक्सरच्या भांड्यात दळलेली कॉफी लिव्हरला चालत नाही, त्यात अर्धी भुकटी आणि अर्धे खडे असतात, पाणी खड्यांमधून पळून जातं आणि भुकटी गाळणीच्या तळाशी चिकटून बसते. दुकानातून दळून आणलेली पण नको, कारण रोज दळण एखादा क्लिक (ग्राइंडरच्या जाड-बारीक करायच्या चाकीचा एक टप्पा) इकडे-तिकडे करावं लागतं आणि ते दुकानदार तुमच्यासाठी करणार नाही. हाताने फिरवायचा, बर (जात्यासारखे दळणारे दातेरी भाग) असलेला ग्राइंडर घ्या, पण एस्प्रेसोसाठी बनवलेला, म्हणजे एका क्लिकला फरक अगदी बारीक पडला पाहिजे. वनझेडप्रेसोच्या जे-अल्ट्राला एका क्लिकला 8 मायक्रॉनचा फरक पडतो, किंगग्राइंडरच्या के 6 ला 16 चा, दोन्ही चालतात पण पहिल्यावर काम सोपं होतं. मशीनइतकेच पैसे ग्राइंडरवर गेले तरी वाईट वाटून घेऊ नका. त्याशिवाय एक 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा लागतो, तो लागतोच.

बिया कुठल्या? चिकमंगळूर, बाबा बुदनगिरी, कूर्ग, आपल्याकडे सगळं हाताशी आहे. सुरुवात मीडियम-डार्क रोस्टने करा. लाइट रोस्ट फळांसारखी छान लागते पण ती नीट उतरवायला पाणी खूप गरम आणि दळण खूप बारीक लागतं, नवख्या हाताला ती फक्त आंबट देते. पाकिटावर रोस्टची तारीख बघा, भाजल्यापासून आठ-दहा दिवस जाऊ द्या (ताज्या बियांमधला गॅस पाण्याला नीट आत जाऊ देत नाही) आणि पुढच्या महिन्याभरात संपवा. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर चार दिवसांत बिया मऊ पडतात, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा. फिल्टर कॉफीची चिकोरीवाली पावडर यात घालू नका, ती तिच्या फिल्टरमध्येच उत्तम. आणि हो, महिनाभर एकच कॉफी ठेवा. दर आठवड्याला वेगळं पाकीट आणलं तर चूक हाताची की बियांची हे कधीच कळणार नाही.

पाणी प्यायला चांगलं लागतं ते चालेल. आरओचं पाणी कधीकधी इतकं धुतलेलं असतं की कॉफी पोचट लागते, मग त्यात थोडं साधं गाळलेलं पाणी मिसळा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) 75 ते 150 च्या आत असेल तर बरं.

आता प्रत्यक्ष कप. 16 ग्रॅम बिया मोजा. उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा दळलेली कॉफी ग्राइंडरला चिकटून बसते, म्हणून दळायच्या आधी बियांवर ओल्या बोटाने पाण्याचा एखादा थेंब शिंपडा, पावसात गरज नाही. दळण किती बारीक ते शब्दांत सांगणं कठीण, तरी चिमटीत धरून बघा, रांगोळीपेक्षा बारीक लागलं पाहिजे, पण मैद्यासारखं गुळगुळीत नको, बोटांत किंचित खरखर उरली पाहिजे.

ही पूड बास्केटमध्ये, म्हणजे कॉफी भरायच्या गाळणीच्या वाटीत, ओतली की तिच्यात गुठळ्या असतात, त्या मोडायच्या. बाटलीच्या बुचात चार बारीक अॅक्युपंक्चरच्या सुया खोचा आणि तळापासून वरपर्यंत गोल गोल फिरवत पूड मोकळी करा, अगदी दहा-पंधरा सेकंद. मग हलकं ठोकून टॅम्परने (पूड दाबायच्या सपाट ठोकळ्याने) दाबा. किती जोराने दाबता त्यापेक्षा सपाट दाबता का ते बघा, एका बाजूला कललं तर पाणी त्याच बाजूने जातं.

आता गरम करणं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, इथे पाणी 98 अंशाच्या आसपासच उकळतं, त्यात मशीनच्या थंड स्टीलच्या सिलिंडरमध्ये (पाणी ओतायच्या नळकांड्यात) ओतलं की ते झपकन खाली येतं. म्हणून सिलिंडर आधी छोट्या पातेल्यात उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा आणि फडक्याने धरून काढा, प्रेशरचं गेज असलेला भाग मात्र पाण्यात बुडवायचा नाही. डार्क रोस्ट असेल तर इतकं तापवलं नाही तरी चालतं, नाहीतर कडू होते. सगळं जोडा, वजनकाट्यावर कप ठेवा, काट्यावर शून्य करा, सिलिंडर वरून थोडं रिकामं राहील इतपत पाणी ओता.

आणि दांडा खाली घ्या. इथे खरी गंमत आहे. लहानपणी हापसा मारला असेल तर हाताला आठवेल, कोरडा असताना दांडा नुसता खडखड वरखाली होतो आणि एका क्षणी पाणी धरलं की जड होतो, तो जडपणा हाताला लगेच कळतो. लिव्हरवर तोच क्षण शोधायचा. आधी अगदी हलक्या हाताने, एक-दोन बारवर, आठ-दहा सेकंद थांबा, पूड भिजू द्या, खालून पहिले थेंब दिसू द्या. मग तीन-चार सेकंदांत जोर वाढवत आठ बारपर्यंत न्या. गेज नसेल तर हाताला सांगते ते असं की दांडा दाबताना जड पण एकसारखा, संथ खाली आला पाहिजे, जात्यात बेताची मूठ टाकल्यावर जातं फिरतं तसा. खाली धार आधी काकवीसारखी काळपट, जाड, मग तपकिरी, मग मधाच्या रंगावर येते. मधाच्या रंगावर आली की पूड ढिली पडायला लागलेली असते, तेव्हा जोर हळूहळू पाच-सहा बारवर सोडा. काट्यावर 32 ग्रॅम झाले की कप बाजूला. दांड्याला हात लावल्यापासून साधारण 30-35 सेकंद.

पहिल्यांदा हे आकडे जुळणार नाहीत. न जुळले तर फक्त दळण बदला, वजन 16 आणि 32 तसंच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट. दांडा वजनच न धरता खाली गेला, बारा-पंधरा सेकंदांत कप भरला तर दळण जाड आहे, दोन क्लिक बारीक करा. दांडा हलतच नाही तर फार बारीक आहे, तेव्हा अंगाचा भार टाकू नका. मी सुरुवातीला एकदा टाकला होता, ओला ग्रॅनाइटचा ओटा, मशीन सरकलं आणि उकळतं पाणी मनगटावर आलं. त्यामुळे खाली रबरी मॅट घाला आणि असा कप सरळ सोडून द्या.

तिसरा प्रकार जरा फसवा. सगळं नीट चाललेलं असतं आणि मध्येच दांडा धसकन खाली जातो, खालून बारीक पिचकारी उडते. म्हणजे पुडीत कुठेतरी भेग पडली आणि पाणी तिथूनच पळालं. याला दळण बदलून फायदा नाही, सुया नीट फिरवा आणि सुरुवातीचा जोर आणखी हळू वाढवा.

आकडे जुळल्यावर जीभ. आंबट आणि कडू यात सुरुवातीला खूप जणांचा गोंधळ होतो. कैरी चावल्यासारखी जीभ आकसली, लाळ सुटली तर आंबट, तेव्हा दळण एक क्लिक बारीक किंवा सिलिंडर आणखी गरम. घशात मागे कडवटपणा रेंगाळला, सुपारी चघळल्यासारखं तोंड कोरडं पडलं तर कडू-तुरट, तेव्हा एक क्लिक जाड किंवा पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओता. माझ्या आईने आयुष्यभर आल्याचा चहाच प्यायलाय, पण पहिला बरोबर जमलेला कप तिला चमच्याने चाखायला दिला तर ती म्हणाली, "अगं, ही गोड कशी लागतेय, साखर घातलीस का?" नव्हती घातली. चांगल्या उतरलेल्या कॉफीत तो गोडवा असतो आणि तो आला की तुम्हाला कोणी सांगायची गरज पडत नाही, मग त्या क्लिकचा आकडा पाकिटावर पेनने लिहून ठेवा.

दूध हवं असेल तर बिनबॉयलरच्या मशीनला वाफेची नळी नसते, पण फ्रेंच प्रेस चालतं. दूध 60-65 अंशांपर्यंत, म्हणजे भांड्याला हात टेकवून ठेवता येणार नाही इतपत तापवा, प्रेसमध्ये ओतून दांडी पंधरा-वीस वेळा भराभर वरखाली करा.

ज्यांनी युरोपिकोलाच घेतलंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी, आणि या सुरक्षेच्या आहेत. बॉयलर फक्त 0.8 लिटरचा आहे, त्यात पाणी कमी असताना चालू ठेवलं तर कॉइल जळते. प्रेशर असताना वरचं झाकण कधीच उघडायचं नाही, कुकरसारखंच, आधी वाफेच्या नळीतून सगळी वाफ जाऊ द्या. आणि कप निघाल्यावर बास्केट बसवलेलं हँडल लगेच फिरवून काढू नका, आत दाब उरलेला असतो आणि गरम चोथा अंगावर उडतो, अर्धा मिनिट थांबा. दोन-तीन कपांनंतर पुढचा सगळा भागच फार तापतो आणि कॉफी कडू व्हायला लागते, तेव्हा मशीन बंद करून थंड होऊ द्या. स्प्रिंगवालं लिव्हर असेल तर दांडा खाली असताना हात सोडू नका, पूड नसली किंवा जाड असली तर तो उसळून थेट हनुवटीवर येतो.

साफसफाई सोपी आहे. चोथा लगेच काढा (कुंडीतल्या झाडांना थोडा थोडा घालता येतो), सगळे भाग गरम पाण्याने धुवा, पिस्टनचं रबर पुसून कोरडं करा. दर दोन-तीन महिन्यांनी त्या रबरावर फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, खोबरेल तेल नको, ते खवट होतं. दांडा खाली येताना अडखळायला लागला, करकरला, की समजा ग्रीसची वेळ झालीय.