सुकन्या समृद्धी खातं: पैसे भरले, पण तारीख चुकली, या चुका टाळा

मार्चअखेरीला पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या सिटी पोस्टात डोकावलंत तर काउंटरपुढच्या रांगेत हातात स्लिप आणि मुलीचं पासबुक घेतलेले बरेच आईबाप दिसतील. त्यांना पाहिलं की मला एकाच वेळी बरं वाटतं आणि जीव हळहळतो. बरं वाटतं, कारण लेकीसाठी ते पोटाला चिमटा काढून पैसे बाजूला टाकताहेत. हळहळ अशासाठी, की हेच पैसे त्यांनी आदल्या एप्रिलमध्ये भरले असते तर वर्षभराचं व्याज पदरात पडलं असतं.

मी तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली. आता निवृत्त आहे आणि धनकवडीत आमच्या सोसायटीच्या खोलीत शनिवारी दुपारी लोकांचे फॉर्म भरून देते, पासबुकं वाचून दाखवते. मुलीच्या नावाने पोस्टात किंवा बँकेत खातं उघडायच्या केंद्र सरकारच्या बचत योजनेबद्दल, म्हणजे सुकन्या समृद्धीबद्दल, एव्हाना सगळ्यांनी ऐकलंय. २२ जानेवारी २०१५ ला पानिपतमध्ये ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’बरोबर ती सुरू झाली. माझ्याकडे येणाऱ्यांचे पैसे फारसे कमी पडत नाहीत, तारखा चुकतात. म्हणून तारखांपासूनच सुरुवात करते.

‘मुलगी एकवीस वर्षांची झाली की पैसे मिळतील’

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि सगळ्यात महागात पडणारा. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत संपते. मुलीच्या वयाशी त्याचा संबंध नाही.

गेल्या वर्षी कोथरूडचं एक जोडपं आलं होतं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. २०१५ मध्ये, ती नऊ वर्षांची असताना, त्यांनी खातं उघडलं होतं. २०२७ मध्ये ती एकवीस वर्षांची होईल, खातं सुटेल, त्यातून पुढच्या शिक्षणाचं बघू, असा दोघांचा हिशेब. मी पासबुकाचं पहिलं पान उघडून दाखवलं. मुदत संपणार होती २०३६ मध्ये, तेव्हा मुलगी तीस वर्षांची असेल. वडील बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

त्यांची सोय अर्थात झाली. मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली, यातलं जे आधी घडेल त्यानंतर, शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. पण इथेही तारीख आहेच. निम्मी म्हणजे आज दिसणाऱ्या शिलकेच्या निम्मी नव्हे. अर्ज कराल त्याच्या आधीच्या ३१ मार्चला जी शिल्लक होती, तिच्या ५० टक्क्यांपर्यंत. एप्रिलमध्ये दीड लाख भरले आणि जुलैत ॲडमिशनसाठी अर्ज केला, तर ते दीड लाख त्या हिशेबात धरले जात नाहीत. शिवाय प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती जोडावी लागते आणि मागितलेल्या फीइतकीच रक्कम मिळते. एकदम घ्या किंवा हप्त्याने घ्या. हप्त्याने घेतली तर वर्षातून एकदाच, जास्तीत जास्त पाच वर्षं.

मूल लहान असतानाच खातं उघडा असं मी सांगते ते याचसाठी. बारशाच्या सुमारास उघडलेलं खातं मुलगी एकविशीत असताना सुटतं. नऊ वर्षांच्या मुलीचं खातं उघडायला हरकत नाही; दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत कधीही उघडता येतं. पण कॉलेजच्या फीची सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

पैसे भरायची मुदत वेगळी आहे, ती पंधरा वर्षांची. पुढची सहा वर्षं काही भरायचं नसतं, व्याज मात्र चालू राहतं. ‘एकवीस वर्षं भरत राहायचं, आम्हाला झेपणार नाही’ म्हणून खातंच न उघडलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की व्याज थांबतं. मुदत संपलेलं खातं तसंच पडू देऊ नका.

महिन्याची पाच तारीख

व्याज कसं मोजतात ते एकदा समजलं की बाकीचं आपोआप सुधारतं. दर महिन्याच्या पाच तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. ते जमा होतं वर्षातून एकदा, मार्चअखेरीला. म्हणजे सहा तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही.

आकड्यांत बघा. जानेवारी २०२४ मध्ये दर ८.२ टक्के झाला, तो धरू. १,५०,००० रुपये ५ एप्रिलपर्यंत भरले तर त्यांवर वर्षाचं व्याज १२,३०० रुपये. ६ एप्रिलला भरले तर १,०२५ रुपये कमी. ३१ मार्चला भरले तर त्या वर्षी त्या दीड लाखावर एक पैसाही नाही. दर हाच राहिला असं धरून पंधरा वर्षं दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख भरले, तर मुदतीला साधारण ७१.८ लाख होतात. तेच पैसे दरवर्षी मार्चअखेरीला भरले तर सुमारे साडेपाच लाखांनी कमी. भरलेली रक्कम दोन्हीकडे तेवढीच, साडेबावीस लाख.

दीड लाख एकदम कुणाकडे असतात? फार थोड्यांकडे. महिन्याला हजार भरणाऱ्यालाही नियम तोच. पगार एक तारखेला होत असेल तर दर महिन्याला पैसे आपोआप वळते करायची दोन तारखेची स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा. पाच तारीख देऊ नका. मध्ये रविवार येतो, सुट्टी येते, पगार पुढे जातो. चेकने भरत असाल तर चेक वटल्याची तारीख धरली जाते, टाकल्याची नाही. चार तारखेला चेक टाकून निर्धास्त होऊ नका. पोस्टातलं खातं असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरून घरबसल्या पैसे भरता येतात. भर उन्हात लक्ष्मी रोड गाठायची गरज नाही.

‘काकू, खातं बुडालं का हो?’

हा प्रश्न विचारणाऱ्या ताई आमच्याच भागात चार घरी स्वयंपाक करतात. २०१७ मध्ये पोस्टात खातं उघडलं, तीन वर्षं नेमाने पैसे भरले. मग कोरोनात कामं सुटली आणि भरणा थांबला. कुणीतरी सांगितलं की आता दंड भरमसाठ होईल आणि आधीचे पैसेही गेले. त्या चार वर्षं पासबुक ट्रंकेत ठेवून बसल्या. पोस्टात विचारायचीही भीती वाटत होती.

हिशेब एवढाच होता. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात. सुरुवातीला ही रक्कम १,००० होती, २०१८ मध्ये २५० झाली, आणि हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जितकी वर्षं चुकली त्या प्रत्येक वर्षाचे २५० आणि वर दंड ५० रुपये. चार वर्षांचे १,२००, चालू वर्षाचे २५०, एकूण १,४५०. आधीच्या पैशांवरचं व्याज चालूच होतं. पासबुकात ते छापून आलं तेव्हा त्यांनी दोनदा बोट ठेवून पाहिलं.

खातं उघडल्यापासून पंधरा वर्षं व्हायच्या आत असं खातं कधीही नियमित करता येतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे नियमित केलं नाही तरी त्यातल्या पैशाला खातं बंद होईपर्यंत योजनेचंच व्याज मिळतं. तेव्हा भीतीपोटी पासबुक लपवू नका. ज्या वर्षी ओढाताण असेल त्या वर्षी २५० भरा, पण भरा.

उलट बाजूची चूकही होते. आईने भरले, बाबांनी भरले, मामाने वाढदिवसाला टाकले आणि वर्षाच्या दीड लाखाच्या मर्यादेवर गेले. वरच्या रकमेवर व्याज मिळत नाही आणि ती परत येते. घरात कोण भरणार ते आधी ठरवा.

आजोबांची माया आणि खात्यावरचं नाव

नातीसाठी खातं उघडणारे आजोबा पुण्यात पेठेपेठेत आहेत. पेन्शन येते, वेळ असतो, पोस्टाची सवय असते. पण पालक म्हणून खातं उघडायचा अधिकार आईवडिलांना किंवा कायदेशीर पालकाला आहे. आजीआजोबांच्या नावाने चालणाऱ्या खात्यांचं पालकत्व आईवडिलांकडे द्यावं, अशा सूचना केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये काढल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या लागू झाल्या. तुमच्या घरी असं खातं असेल आणि अजून बदल केला नसेल तर या आठवड्यात जाऊन या. आजोबांनी पैसे खुशाल द्यावेत, भरणा आईवडिलांनी करावा.

एका मुलीचं एकच खातं. आजोबांनी पोस्टात आणि बाबांनी बँकेत, असं चालत नाही. कुटुंबात दोन मुलींची दोन खाती. जुळ्या किंवा तिळ्या झाल्या तर प्रतिज्ञापत्र आणि जन्माचे दाखले देऊन सवलत मिळते.

कागदांचं म्हणाल तर सगळ्यात जास्त अडतं ते जन्माच्या दाखल्यावर. बाळ दवाखान्यातून घरी येतं तेव्हा त्याचं नाव ठरलेलं नसतं, बारसं नंतर होतं. नोंद नावाशिवाय होते आणि आईबाप तोच दाखला घेऊन काउंटरवर उभे राहतात. महापालिकेत नाव लावून घ्या, मग खात्याकडे वळा. दुसरी अडचण आईच्या नावाची: दाखल्यावर सासरचं, पॅनवर माहेरचं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. २०२३ पासून या खात्यांना आधार आणि पॅन दोन्ही लागतात. एकदाच दोन दिवस मोडून नावं सारखी करून घ्या. मुलीच्या नावाचं अक्षरही दाखल्याप्रमाणेच लिहा; दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं स्पेलिंग आलं की पुढे पैसे काढताना त्रास होतो.

कर वाचवायला म्हणून

हिंजवडीला जाणारी तरुण मंडळी विचारतात, ‘नव्या करप्रणालीत गेलो, आता सुकन्यात भरून काय उपयोग?’ भरलेल्या रकमेची ‘८० सी’ म्हणून ओळखली जाणारी आयकरातली वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, हे खरं. पण व्याज आणि मुदतीची रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. वजावट गेली म्हणून खात्याकडे पाठ फिरवणं मला पटत नाही. दोन मुली असतील तर दोन्ही खात्यांत दीड-दीड लाख भरता येतात, वजावट मात्र त्यात बसणाऱ्या बाकी सगळ्यासकट दीड लाखाचीच.

दराबद्दलही एक सांगते. सरकार तो दर तीन महिन्यांनी जाहीर करतं. २०१५-१६ मध्ये ९.२ होता, एप्रिल २०२० मध्ये ७.६ झाला, मग पुन्हा चढला. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरचा आकडा म्हणजे वचन नव्हे. लेकीच्या फीचा अंदाज बांधताना मी साडेसात टक्केच धरायला सांगते.

ही योजना वेगळी, ती वेगळी

राज्य सरकारची ‘लेक लाडकी’ आणि सुकन्या यांची लोक हमखास गल्लत करतात. लेक लाडकीत तुम्ही काही भरायचं नसतं. पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड असलेल्या, वर्षाला एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर मुलगी जन्मली तर जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, असे एकूण १,०१,००० मिळतात. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे करायचा. पात्र असाल तर दोन्हीचा लाभ घ्या. एकीमुळे दुसरी अडत नाही. महिला सन्मान बचत प्रमाणपत्र मात्र ३१ मार्च २०२५ ला बंद झालं, त्यासाठी रांगेत उभं राहू नका.

आणि ‘बेटी बचाओ’चा फॉर्म भरा, मुलीला दोन लाख मिळतील असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. त्या मोहिमेत कुणाच्या खात्यात थेट पैसे येत नाहीत, हे सरकारने वारंवार स्पष्ट केलं आहे. कन्यादानाचं नाव लावून विकली जाणारी विम्याची पॉलिसी हीसुद्धा सुकन्या योजना नव्हे. सही करण्याआधी कागदावरचं खरं नाव वाचा.

मुलगी अठराची झाली की

त्या दिवसापासून खातं तिचं. तिची केवायसी, तिची सही, तिचा फोटो देऊन यायचं. बरेच आईबाप हे विसरतात आणि मग ॲडमिशनच्या धावपळीत काउंटरवर ऐकावं लागतं की आता तुमची सही चालणार नाही. अठरावा वाढदिवस झाला की त्याच महिन्यात तिला घेऊन पोस्टात किंवा बँकेत जा. लग्नासाठी खातं मुदतीआधी बंद करायचं असेल तर मुलगी अठरा पूर्ण हवी, आणि अर्जाची खिडकी छोटी आहे: लग्नाच्या एक महिना आधीपासून लग्नानंतर तीन महिन्यांपर्यंत. हनिमून, सासरचे सण, बदली यात ते तीन महिने कधी सरतात ते कळत नाही.

कोथरूडच्या त्या मुलीला मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी बाबांबरोबर तू ये. ती आली, स्वतःची केवायसी केली, फीची पावती जोडली आणि रक्कम कॉलेजची तारीख उलटायच्या आत खात्यावर आली. पासबुक आता तिच्या कपाटात असतं.